बांगड्यानं पित्त उठलं, की बर्फ कमी पडला?



मासळी विकणाऱ्या आपल्या बायांनी हे किती वेळा ऐकलं असेल: "बांगडा नको गे बाय, मागच्या खेपेला अंगभर पित्त उठलं." मग ते गिऱ्हाईक बांगडा कायमचा सोडतं. आपण म्हणतो, त्याच्या अंगाला मानवत नसेल. पण तोच माणूस गेली वीस वर्षं बांगडा खात होता, त्याचं काय?

गोष्ट अशी आहे. बांगडा, तारली, कुपा या लाल मांसाच्या मासळीत हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेल्यावर त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू मांसात पसरतात आणि उन्हात, गरम हवेत या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. आपल्या अंगावर पित्त उठतं तेव्हाही शरीर हेच हिस्टामिन सोडत असतं. म्हणून तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी, छातीत धडधड, सगळं अॅलर्जीसारखंच दिसतं. बहुतेकांना काही तासांत उतार पडतो, पण श्वास अडकला तर थेट डॉक्टर गाठायचा. खरी अॅलर्जी असलेलेही असतात, त्यांनी घरी प्रयोग करू नयेत.

आता वाईट भाग ऐका. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, खारवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. वासावरूनही दर वेळी कळत नाही. उपाय एकच, ते होऊच द्यायचं नाही. म्हणजे मासा पाण्याबाहेर आला की लगेच थंड करायचा आणि 4 अंशांच्या खाली ठेवायचा.

बर्फाचा हिशेब साधा आहे. 1 किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. 1 किलो मासा 30 अंशांवरून शून्यावर आणायला साधारण 25 लागतात. म्हणजे कागदावर पाव-अर्धा किलो बर्फ पुरतो. पण खण तापलेला, वर ऊन, जेटीवर खोळंबा. म्हणून आपल्या हवेत किलोला किलो बर्फ धरावा. जाळ्यात एकदम टनावारी बांगडा पडतो आणि बर्फ अर्धाच असतो, घोळ तिथेच होतो. जेटीवर आल्यावर घातलेला बर्फ गेलेली वेळ परत आणत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की बर्फात काटकसर करणं म्हणजे उद्याचं गिऱ्हाईक आज विकणं. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनच्या भीतीनं गोव्यात मासळीबाजार कसा बसला, ते आपण पाहिलंय. विश्वास जायला चार दिवस पुरतात.

आणि गिऱ्हाईकांनाही हात जोडून सांगणं आहे: "बर्फातला मासा म्हणजे शिळा" हे डोक्यातून काढा. सकाळपासून टोपलीत उघडा पडलेल्या बांगड्यापेक्षा बर्फातला बांगडा केव्हाही बरा. तुम्ही बर्फाला नाक मुरडता म्हणून विकणारी बाई तो लपवते, नाहीतर घालतच नाही.

तुमच्या होडीवर किलोला किती बर्फ नेता? खरं खरं कॉमेंटमध्ये लिहा. आणि पटलं तर पुढे पाठवा.