जोत्याआधीच ठरावी खिडकी, वीज आणि पाणी: स्वतः घर बांधणाऱ्यांचे शासनास निवेदन

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्या नागरिकांच्या खिडक्या, वीजजोडणी व नळजोडणी यांचा विचार बांधकामापूर्वी, एकाच नकाशावर व एकाच अर्जात होण्याबाबत.

महोदय,

गावात आणि शहराच्या कडेला घर बिल्डर बांधत नाही, घरचाच माणूस बांधतो. गवंडी तोच ठरवतो, सिमेंटची पोती तोच मोजून घेतो, विटकामावर पाणी मारायला पहाटे तोच उठतो. नकाशा म्हणजे बऱ्याचदा मिस्त्रीने चुन्याच्या फक्कीने जागेवर आखून दिलेल्या रेघा. खिडकी कुठे, तर भिंत उभी राहताना सुचेल तिथे. मीटर कुठे, तर लाईनमन म्हणेल तिथे. नळ कुठे, तर रस्त्याखालची जलवाहिनी जिथे सापडेल तिथे. घर पूर्ण होते आणि मग फोडाफोड सुरू होते.

हा खर्च टाळता येण्याजोगा आहे. खिडकी, वीज आणि पाणी या तिन्ही गोष्टी कागदावर ठरवायच्या तर जोत्याआधी ठरतात. शासनाची यंत्रणा मात्र त्या घर झाल्यावर, तीन वेगवेगळ्या टेबलांवर पाहते. या निवेदनाचे म्हणणे एवढेच की तो क्रम उलटावा.

खिडकीपासून सुरुवात करू. राष्ट्रीय इमारत संहितेने खोलीतील उघड्या भागाचे प्रमाण हवामानानुसार सांगितले आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असावे, दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश. दहा बाय बाराची खोली घ्या. क्षेत्रफळ 120 चौरस फूट. कोरड्या उष्ण भागात तिला 12 चौरस फूट, म्हणजे चार बाय तीनची एक खिडकी पुरते. त्याच खोलीला कोकणात 20 चौरस फूट लागतात, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत तशा दोन खिडक्या. संहिता आणखी एक गोष्ट बजावते: खिडकीचा काही भाग बंदिस्त असेल तर उघडणारा भागच मोजायचा. हल्ली जिकडेतिकडे बसणारी दोन ट्रॅकची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. चार बाय तीनच्या चौकटीतून प्रत्यक्षात सहा चौरस फुटांतूनच वारा येतो. दुकानदार हे सांगत नाही, मिस्त्रीला ठाऊक नसते, आणि ग्रामपंचायतीत विचारणारे कोणी नसते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली सुरू झाली. तिच्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे आणि स्वयंपाकाची स्वच्छ जागा त्यातच धरलेली आहे. बांधकामाची पाहणी टप्प्याटप्प्याने होते आणि फोटो जिओटॅग होऊन संगणकावर चढतात. पाया, जोते, त्यानंतरचा टप्पा चक्क खिडकीच्या तळपातळीचा, मग लिंटेल, मग छत. म्हणजे खिडकीची उंची येईपर्यंत भिंत चढली का, हे शासन पाहते. तिथे खिडकी किती मोठी सोडली, कोणत्या दिशेला सोडली, हे मात्र कोणी पाहत नाही. त्याच फोटोत त्याच दिवशी ते पाहता येईल. एक पैसा जास्त लागणार नाही.

गावठाणात प्रश्न वेगळा आहे. भिंतीला भिंत लागून घरे, त्यामुळे बाजूला खिडकी काढली की शेजारी हरकत घेतो. त्याची भीती निराधार नसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार एखाद्या घराने वीस वर्षे शांतपणे, अखंड आणि हक्काने उजेड-वारा घेतला, तर तो त्याचा हक्क ठरतो आणि पुढे शेजाऱ्याला तिथे भिंत उंचावता येत नाही. म्हणून खिडकी पडली की तंटा पडतो. जुन्या वाड्यांनी यावर चौकाचा तोडगा काढला होता, धाब्याच्या घरांनी छतातल्या झरोक्याचा. आजच्या आरसीसी घरांत दोन्ही गेले आणि मधली खोली भरदुपारी दिव्याविना दिसेनाशी झाली. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने देशातील निरनिराळ्या प्रदेशांच्या घरबांधणीचे नमुने संकलित केले आहेत. असे नमुने पंचायत समितीच्या कपाटातून गवंड्याच्या हातात पोचले पाहिजेत.

आता वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार लघुदाबाची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान 1.2 मीटर आणि छतापासून उभी किमान 2.5 मीटर दूर असावी लागते. 11 केव्हीच्या वाहिनीला उभे अंतर 3.7 मीटर लागते. 33 केव्हीच्या वाहिनीला आडवे अंतर 2 मीटर. हे अंतर वीटकामापूर्वी टेपने मोजता येते. प्रत्यक्षात मजला चढतो, खिडकी तारेकडे तोंड करून उघडते आणि मग खांब हलवण्यासाठी अर्ज होतो. त्या कामाचा खर्च अर्जदाराच्या माथी बसतो.

खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरचीही हीच गत. ती बहुधा दर्शनी भिंतीवर येते, छज्ज्याखालून वळते आणि मीटरची पेटी खिडकीच्या चौकटीला खेटून बसते. खिडकीची झडप उघडली की पेटीवर आपटते, म्हणून ती कायमची बंद राहते. घरात उजेडासाठी जी एकमेव खिडकी होती, तीच वीज आल्यामुळे मिटली. जोते भरताना चार इंची पीव्हीसी पाईपचा एक तुकडा आरपार टाकून ठेवला असता, अर्थिंगचा खड्डा आणि मीटरची जागा आधी आखली असती, तर हे टळले असते. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवर वायरिंगचे पाईप पसरावे लागतात, हे प्रत्येक वायरमनला माहीत आहे. जोत्यातल्या पाईपची आठवण मात्र कोणी करून देत नाही.

वीजजोडणीच्या मुदतीबाबत कायदा अपुरा नाही. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 नुसार अर्ज आल्यापासून एका महिन्यात वीज देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे, फक्त वाहिनी वाढवावी लागत असेल तर त्या कामापुरती सवलत मिळते. कसूर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती होऊन मुदती आणखी कमी झाल्या: महानगरांत 3 दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत 7, ग्रामीण भागात 15, डोंगराळ ग्रामीण भागात 30. मात्र हे दिवस अर्ज परिपूर्ण झाल्यापासून मोजतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. मालकीचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना 8 मागतात. नव्या घराची नोंद नमुना 8 मध्ये आकारणी झाल्यावर होते आणि आकारणी घर उभे राहिल्यावर. तोवर बांधकामाला पाणी मारायची मोटर शेजाऱ्याच्या बोर्डावरून चालते, जे दोघांनाही धोक्याचे आहे.

या गुंत्यात डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक गाठ पडली. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मेरठमधील अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार वीज, पाणी, मलनिस्सारण यांच्या जोडण्या बांधकामपूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला सादर केल्यावरच द्यायच्या आहेत. अनधिकृत इमारतींना चाप लावण्याचा हा हेतू योग्यच आहे. पण महाराष्ट्राने डिसेंबर 2020 मध्ये लागू केलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घराला नेहमीची लांबलचक परवानगी लागत नाही. कागदपत्रे व शुल्क भरल्याची पावती पुरते. 2021 मध्ये ग्रामीण भागातही तशीच सूट जाहीर झाली. पावतीच जिथे परवानगी, तिथे पूर्णत्वाचा दाखला कोणी आणि कोणत्या नमुन्यात द्यायचा, याचे उत्तर टेबलागणिक बदलते. शासनाने एका हाताने दिलेली सूट मीटर मागायला गेल्यावर दुसऱ्या हाताने काढून घेतली जाते.

पाण्याचे थोडक्यात. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले. मुदत पुढे 2028 पर्यंत वाढली. योजनेचे नळ त्या वेळी उभ्या असलेल्या घरांसाठी मोजले गेले, नंतर बांधलेल्या घराने कुठे जायचे, हे गावोगावी वेगळे आहे. सांडपाण्याचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. बांधकामाच्या मानकांनुसार सेप्टिक टाकीचे पाणी जिरवण्याची जागा विहिरीसारख्या पिण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर दूर हवी. दोन-तीन गुंठ्यांच्या जागेत हे अंतर गाठायचे तर विहीर, शोषखड्डा आणि घर एकाच कागदावर आखावे लागते. घर झाल्यावर खड्डा उरलेल्या जागेत जातो, आणि ती जागा बहुधा शेजाऱ्याच्या बोअरला लागून असते.

या पार्श्वभूमीवर निवेदनकर्त्यांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर स्वतः घर बांधणाऱ्यांसाठी एक पानी ‘घर-नकाशा’ अर्ज तयार करावा. त्यात खोल्या, खिडक्यांचे उघडे क्षेत्रफळ, जवळची वीजवाहिनी व तिचे अंतर, मीटरची जागा, जलवाहिनी, सेप्टिक टाकी व शोषखड्डा एकत्र दाखवावेत. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजलेल्या गावठाणांत तोच नकाशा आधार म्हणून द्यावा.

2. या अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने स्वतः वीज वितरण कंपनीला व पाणीपुरवठा यंत्रणेला पाठवावी. नागरिकाने तीच कागदपत्रे तीनदा झेरॉक्स करून फिरू नये.

3. जोते पूर्ण होताच एक संयुक्त पाहणी व्हावी. तारेचे अंतर, जोत्यातील पाईप आणि शोषखड्ड्याची जागा त्याच दिवशी नोंदवावी.

4. घरकुलाच्या खिडकी-पातळीच्या फोटोबरोबर खिडक्यांची संख्या, मापे व दिशा यांची नोंद बंधनकारक करावी. ही नोंद त्रुटी दाखवण्यासाठी असावी, तिच्यामुळे हप्ता अडवू नये.

5. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचे पालन करताना लहान घरांसाठी कोणता कागद पूर्णत्वाचा दाखला मानायचा, हे नगरविकास, ग्रामविकास व ऊर्जा विभागांनी संयुक्त परिपत्रकाने स्पष्ट करावे. परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र व ग्रामपंचायत अधिकाऱ्याची पाहणी नोंद पुरेशी धरावी. त्यासाठी न्यायालयाकडे स्पष्टीकरण मागावे लागत असेल, तर ते शासनाने मागावे.

6. बांधकामकाळातील विजेसाठी घरगुती दर लागू करावा. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत महिना 500 युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला जुन्या घराच्या आवारात बांधकाम करताना वेगळी तात्पुरती जोडणी न घेण्याची मुभा राहिली आहे. तीच मुभा मोकळ्या जागेवर पहिले घर बांधणाऱ्यालाही मिळावी, आणि तेच मीटर पुढे कायम व्हावे. याबाबत शासनाने आयोगापुढे म्हणणे मांडावे.

7. जल जीवन मिशननंतर बांधलेल्या घरांच्या नळजोडणीचे शुल्क व दिवसांची मुदत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये विलंबाला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. ही सेवा जिथे त्याच्या कक्षेत नाही, तिथे ती आणावी.

8. गवंडी, सेंट्रिंगवाले व वायरमन यांच्यासाठी तालुका पातळीवर दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवावे. कोकण, देश, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भासाठी खिडकी व छज्ज्याचे वेगळे नमुने मराठीत छापून द्यावेत. गावठाणातील अरुंद जागांसाठी त्यात चौक व झरोका असलेला किमान एक नमुना असावा.

यांतील एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. पहिल्या पाच मागण्या परिपत्रकांनी पूर्ण होतील, सहावीसाठी आयोगापुढे अर्ज लागेल, सातवीला अधिसूचना आणि आठवीला थोडा निधी. वीजजोडणीला उशीर झालेल्यांना ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते व त्यांनी ती मागावी. पण सुतारकाम, गिलावा आणि कर्जाचा हप्ता अंगावर असताना सुनावण्यांच्या तारखा पाळणे कष्टकरी कुटुंबाला झेपत नाही.

दिवाळीनंतर बांधकामांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकण्याची घाई असते. त्याआधी संबंधित विभागांची एकत्रित बैठक घ्यावी, तिला निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना बोलवावे आणि मागणी क्रमांक 5 बाबतचे परिपत्रक या हंगामापूर्वी काढावे, ही विनंती.

आपले नम्र,
स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणारे नागरिक

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: ग्रामविकास विभाग, नगरविकास विभाग, ऊर्जा विभाग, पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग.