साखर गेली, नफा राहिला

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये अस्पार्टेम या कृत्रिम गोडकारकाविषयी आपला निष्कर्ष जाहीर केला. तेव्हा आपल्या भांडवली वृत्तपत्रांनी एका पानावर कर्करोगाचे भय घातले आणि दुसऱ्या पानावर त्याच 'साखरमुक्त' पेयांच्या जाहिराती छापल्या. भाषांतर हाच ज्याचा रोजचा उद्योग आहे, त्याला यातील पहिली लबाडी शब्दाची वाटते. संस्थेने अस्पार्टेमला कर्करोगकारक म्हटले नव्हते. 'कर्करोगकारक असणे शक्य' अशा, म्हणजे २-ब या गटात घातले होते. पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळी तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडण्यासाठी दिवसाला नऊ ते चौदांहून अधिक डबे रिचवावे लागतील.

तेव्हा घबराटीचे कारण नाही. परंतु हा पदार्थ बाजारात आला कसा, हे कष्टकऱ्यांनी जाणून घेतलेच पाहिजे. १९६५ साली अमेरिकेतील सर्ल या औषध कंपनीत त्याचा शोध लागला. १९७४ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली; पण आक्षेप आले, कंपनीच्या प्रयोगांच्या विश्वसनीयतेविषयीच शंका उत्पन्न झाली आणि दुसऱ्याच वर्षी परवानगी स्थगित करावी लागली. १९८० मध्ये शास्त्रज्ञांच्या चौकशी मंडळाने मेंदूतील गाठींसंबंधी आणखी प्रयोग होईपर्यंत परवानगी देऊ नये, असा अभिप्राय दिला. जानेवारी १९८१ मध्ये रेगन सत्तेवर आले. त्यांनी नेमलेल्या आयुक्तांनी तो अभिप्राय बाजूला सारून जुलैमध्ये परवानगी दिली आणि १९८३ मध्ये थंड पेयांचेही दार उघडले. त्या काळात सर्लचे प्रमुख होते माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड. हेच गृहस्थ २००३ मध्ये इराकवर युद्ध लादले गेले तेव्हा पुन्हा त्याच खुर्चीत होते. १९८५ मध्ये सर्ल कंपनी मोन्सँटोने गिळली. (मोन्सँटोचा धंदाच मुळी १९०१ साली सॅकरीनपासून सुरू झाला होता.)

पुढील तपासण्यांत, युरोपीय संस्थेच्या २०१३ मधील तपासणीतही, हा पदार्थ मर्यादेत घेतल्यास सुरक्षित ठरला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही परवानगी आधी आणि खात्री मागाहून, हा क्रम कोणाच्या सोयीचा होता हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. साखरसम्राटही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. साखरेवरील ठपका चरबीवर ढकलणाऱ्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांच्या १९६७ मधील लेखासाठी साखर उद्योगाने पैसा पुरवला होता, हे २०१६ मध्ये उघडकीस आले.

आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. बाजाराचा डोळा या आकड्यावर आहे. वजन घटवण्यासाठी अशा गोडकारकांचा आश्रय घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले. दीर्घकाळच्या वापराशी मधुमेह व हृदयविकाराचा संबंध असू शकतो, असेही म्हटले. हा सल्ला स्टीव्हियासारख्या 'नैसर्गिक' गोडकारकांनाही लागू आहे. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी तो नाही. तेव्हा आपल्या मधुमेही सभासदांनी चहातील गोळी घाबरून फेकू नये, डॉक्टरांना विचारावे.

फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराच्या रुग्णांस अस्पार्टेम खरोखर घातक आहे. त्यांच्यासाठीची सूचना डब्यावर असते, परंतु मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. वेष्टनावर इंग्रजी किंवा हिंदी असली की कायदा संतुष्ट होतो. मदुराईच्या गिरणीकामगाराने आणि सोलापूरच्या विडीकामगार स्त्रीने आपल्या मुलाच्या हातातील डबा वाचायचा कसा? प्रत्येक राज्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत, कोणते गोडकारक किती मिलिग्रॅम आहे हे छापण्याची सक्ती व्हावी, ही मागणी कामगार संघटनांनी व महिला आघाड्यांनी आपल्या मागणीपत्रांत घालावी.