रोमची रेघ, खटावचं पोट

पां. वा. सुखात्मे हे नाव आमच्या वस्तीत कुणाला ठाऊक नाही. ठाऊक असायला पाहिजे. आमच्या पोटात किती पडलं म्हणजे पुरे, ही रेघ मारणाऱ्यांत हा मोठा माणूस. परका नव्हे. खटाव तालुक्यातल्या बुध गावचा, जन्म 1911. लंडनची डॉक्टरेट. 1951 ते 1970 रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक. जगात उपाशी किती, हा हिशेब तिथं व्हायचा. 1971 साली पद्मभूषण. सातारकरांनी छाती फुगवली असेल. फुगवू द्या.

आधी देणं देऊन टाकू. साठीच्या दशकात बडे तज्ज्ञ 'प्रथिनांची टंचाई' म्हणून ओरडत होते. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं, की पोटभर नेहमीची भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनंही बहुतेक भागतात. तुटवडा मुळात अन्नाचाच. बरोबर बोलले. आमची आजी हे फुकटात सांगत होती, पण आजीला रोमला कोण बोलावणार!

घोळ पुढं झाला. 1971 साली वि. म. दांडेकर (हेही साताऱ्याचेच) आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 उष्मांक धरून दारिद्र्य मोजलं. 1960-61 सालची खेड्यातली सुमारे 40 टक्के आणि शहरातली सुमारे 50 टक्के माणसं रेघेखाली निघाली. सुखात्मे म्हणाले, रेघ चुकली. माणसाची गरज रोज बदलते, कमी खाल्लं तर शरीर काटकसर करतं. म्हणून सरासरीवरून दोन प्रमाण विचलनं खाली उतरा आणि तिथं रेघ मारा. त्याखालचे तेवढेच उपाशी. झालं! ज्वारीचा एक दाणा न वाढता लाखो पोटं कागदावर भरली.

शरीर काटकसर करतं म्हणजे काय करतं हो? आधाराला घेतलेल्या आकड्यांत ब्रिटिश लष्करातल्या रंगरुटांचे आकडे होते. त्यांना आज कमी पडलं तर उद्या भरून निघत होतं. माझी आई 1972 च्या दुष्काळात जत तालुक्यात खडी फोडत होती. मिळालेली सुकडी निम्मी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. घमेलं उचललं नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पगार नाही. तिची काटकसर तर लहानपणीच होऊन गेलेली. येसकरीच्या शिळ्या तुकड्यांवर वाढलेली बाई, उंची चार फूट आठ इंच. 1980 साली डेव्हिड सेक्लर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं असल्या माणसांना नाव दिलं : 'लहान पण निरोगी'. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला, हे त्यांचे उपकार.

पुढं पुण्यात सुखात्मे सांगायचे, की नुसतं अन्न वाढवून भागत नाही. घाण पाणी, जंत, जुलाब यांनी खाल्लेलं अंगी लागत नाही. स्वच्छ पाणी द्या. खरंय. मग पाण्याचंच बोलू. 1901 साली लहानगा भीमराव भावाभाच्यांसोबत बापाला भेटायला निघाला. बाप खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. मसूर स्टेशनावरून बैलगाडी. सोबत भरपूर खाणं होतं. पण अस्पृश्याला वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून पोरं उपाशी झोपली. घरखर्चाच्या पाहणीत ही पोरं जेवलेली धरली जातील! बुधच्याच तालुक्याची ही वाट, सुखात्मे जन्मायच्या आधी दहा वर्षं. पाण्यावर कोण बसलंय, याचा रकाना त्यांच्या सूत्रात नाही.

सुखात्मे 1997 साली गेले. सूत्र गेलं नाही. अन्न व शेती संघटना उपाशी माणसं आजही त्याच घडणीच्या पद्धतीनं मोजते. किमान गरज धरते ती हलकं काम करणाऱ्याची, आणि उंची धरते ती लोकांची आज आहे तीच. म्हणजे आधी उपाशी ठेवून आईला खुजं करा, मग त्या खुज्या उंचीवरून तिची भाकर कमी धरा. आणि हलकं काम? सांगलीकडच्या उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढणाऱ्या बाईसमोर उभं राहून हा शब्द उच्चारून दाखवा. मोळी तिच्याच हातात असेल, एवढं ध्यानात ठेवा.