आरओचे पाणी आणि काचेतला मासा

नंदुरबार, शहादा, तळोदा या शहरांतल्या बऱ्याच घरांत आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आरओचे यंत्र असते. त्यातल्या काही घरांत मुलांच्या हट्टापायी हॉलमध्ये फिशटँकही येतो. या दोन वस्तू एका घरात आल्या की पुढचे ठरलेले असते. बोअरचे पाणी खारट, नळाच्या पाण्याला टीसीएलचा वास; मग माशाला तरी चांगले पाणी मिळावे म्हणून टँक आरओच्या पाण्याने भरला जातो. काही दिवसांत मासे पंख मिटून कोपऱ्यात बसतात, वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि एकेक करून मरतात. दोष दुकानदाराला दिला जातो. दुकानदाराची चूक असेलही. पण पुष्कळदा चूक पाण्याची असते, आणि तीही पाणी फार ‘शुद्ध’ असल्याची.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून बाहेरचे पाणी अखंड त्याच्या शरीरात शिरत राहते. हे जादा पाणी मूत्रपिंडे पातळ लघवीच्या रूपाने बाहेर टाकतात आणि त्यासोबत गेलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून परत ओढून घेतात. ज्या पाण्यात ओढून घ्यायला क्षारच नाहीत, तिथे माशाची सारी ताकद या एकाच कामात खर्च होते. कॅल्शियमचे कामही मोलाचे: ते कल्ल्यांची त्वचा घट्ट ठेवते आणि क्षारांची गळती रोखते. आरओचा पडदा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट तिन्ही जवळजवळ काढून टाकतो.

बायकार्बोनेट गेल्याचा फटका थोडा उशिरा बसतो. टँकमध्ये माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) खर्ची पडते. विहिरीच्या पाण्यात ही शिल्लक भरपूर असते. आरओच्या पाण्यात ती नसल्यामुळे पीएच एकदम घसरतो, जिवाणूंचे कामही मंदावते आणि वरून काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणी विषारी होते.

ही शिल्लक नंदुरबारच्या जमिनीने फुकट दिलेली आहे. जिल्ह्याचा बराच भाग बेसॉल्ट खडकावर आणि तापीकाठचा पट्टा गाळाच्या जमिनीवर आहे. अशा खडकातून आणि गाळातून मुरलेले पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन विहिरीत उतरते. बादलीच्या कडेला आणि पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला बसणारा पांढरा थर तोच. साबणाला फेस येत नाही म्हणून गृहिणी या पाण्यावर वैतागते, ते बरोबरच आहे. पण गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना नेमके असेच जड पाणी मानवते.

गप्पीचे उदाहरण तर आरोग्य खात्याच्याच हौदात आहे. हिवताप आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी माशांची पैदास केली जाते. तिथे ना आरओ असते, ना बाटलीतली औषधे. सिमेंटचा हौद, साधे पाणी आणि थोडे शेवाळ एवढ्यावर हा मासा पिढ्यान्‌पिढ्या वाढतो. (हौद नवा असेल तर मात्र तो अनेकदा भरून रिकामा करावा लागतो, ताज्या सिमेंटमधला चुना पाण्याचा पीएच फार चढवतो.) दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि त्रिनिदादचा हा रहिवासी नंदुरबारच्या हौदात रमतो. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले निऑन टेट्रा आणि डिस्कस मात्र इथे कुढतात. पाणी पाहून मासा निवडला, तर पाणी ‘तयार करण्याचे’ निम्मे काम उरतच नाही.

उरलेल्या निम्म्या कामात पहिले नाव क्लोरीनचे. गावचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो ते माणसांच्या भल्यासाठीच. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. माणसाला निर्धोक असलेली ही मात्रा माशाच्या कल्ल्यांना भाजून काढते. पावसाळ्यात साथीच्या भीतीने टीसीएल वाढवले जाते, तेव्हा नेहमीच्या सवयीने पाणी बदलणाऱ्याचे मासे रातोरात मरतात. उपाय बिनखर्चाचा आहे: पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडे ठेवावे, हवेचा पंप सोडल्यास उत्तम. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे. क्लोरीनच्या वजनाच्या साधारण ७ पट स्फटिक पुरतात. म्हणजे चिमूटभरही जास्तच होते.

दुसरे काम धीराचे. फिल्टरमधले जिवाणू स्थिरावायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवायचे आणि खाणे हात राखून घालायचे. या जिवाणूंबद्दल विज्ञानालाही अगदी अलीकडेपर्यंत अर्धीच माहिती होती. अमोनियाचे थेट नायट्रेट करणारा एकच जिवाणू असू शकतो, हे २०१५ साली उघड झाले. त्या जिवाणूचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाला होता. अशी मेहनती वसाहत फिल्टरच्या स्पंजमध्ये नांदत असताना तो स्पंज नळाखाली, क्लोरीनच्या पाण्यात खळखळून धुणे म्हणजे ती संपवणे. टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळावा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले तरी पुरते.

जड पाण्याचा एक धोकाही सांगायला हवा. पीएच ७ असताना २५ अंश तापमानाला पाण्यातल्या अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. त्यातच २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवणारे पाणी ३० अंशांना जेमतेम साडेसात धरते. चाळिशी पार करणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात टँकमध्ये माशांची गर्दी करणे आणि जास्त खाणे टाकणे ही चूक आरओच्या चुकीइतकीच महागात पडते.

आता हिशेब पाण्याचा. घरगुती आरओ यंत्र १ लिटर पाणी देताना अनेकदा ३ लिटर मोरीत सोडते. ४० लिटरचा टँक त्या पाण्याने भरायचा तर १६० लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटरचे आहे. म्हणजे जवळपास ३ माणसांचे दिवसाचे पाणी एका टँकपायी गेले. ज्या जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात झिऱ्यावर वाटीने पाणी भरतात, तिथे हा आकडा नुसता वाचून सोडून देण्यासारखा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते की, टीडीएस ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी आणि इतरत्र किमान ६० टक्के पाणी वापरात यावे. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल तिथे माणसांसाठी आरओ जरूर हवे. हौसेच्या माशांसाठी ते चालवण्याचे समर्थन मात्र करता येत नाही.

कोणते पाणी कसे आहे, हे लोकांना कळणार कसे? जलजीवन मिशनमध्ये गावोगावी ५ महिलांना फील्ड टेस्ट किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळाही आहेत. या तपासण्यांतले कठीणपणा, क्षारता, फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने फलकावर लावले पाहिजेत. आरओ विकणारा दुकानदार खिशातून टीडीएसचा मीटर काढून घाबरवतो. तो मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही.

बोअरचे पाणी फारच जड निघाले, तर पूर्ण आरओकडे न जाता मिसळून घ्यावे. टीडीएस ६०० चे बोअरचे पाणी आणि ४० चे आरओचे पाणी समसमान घेतले की ३२० मिळतो. पत्र्यावरून पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर धरलेले पावसाचे पाणी आरओच्या जागी तितकेच चालते आणि त्यात थेंबही वाया जात नाही. निव्वळ आरओ किंवा पावसाचेच पाणी भरले गेले असेल, तर ४० लिटरमागे १ ग्रॅम खाण्याचा सोडा क्षारता सुमारे १५ मिलिग्रॅमने वाढवतो; कॅल्शियमसाठी धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवावा, तो सावकाश विरघळतो. आणि नवे पाणी ओतण्याआधी त्यात हात घालून बघावा: मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेले पाणी दुपारी माशाला उकडून काढण्याइतके तापलेले असते.