सीएमईच्या भिंतीलगतचे शहर
पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका यांसी,



पिंपरी-चिंचवडची जन्मकथा सांगायची झाली की सगळे १९५४ पासून सुरुवात करतात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी, बजाज, टेल्को. १९७० साली नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका. वर्धापनदिनाच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हीच गोष्ट दरवर्षी नव्याने छापून येते. ती खोटी नाही. पण ती पिंपरीच्या चौकात उभे राहून सांगितलेली आहे. पुण्याहून हॅरिस पूल ओलांडला की महापालिकेची हद्द लागते ती दापोडीत. तिथे उभे राहून पाहिले तर हे शहर त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे सुरू झालेले दिसते, आणि त्याची सुरुवात कारखान्याने नव्हे, पलटणीने केलेली दिसते.

दुसऱ्या बाजीरावाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी कवायती फौज उभी केली, तिचा तळ दापोडीला होता. पगार पेशव्यांचा, हुकूम कॅप्टन फोर्डचा. अशा व्यवस्थेचा शेवट काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर लढाई जुंपली, तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली आणि नदीपलीकडे जाऊन इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. इतिहासकार ग्रँट डफने या दिवसाची एक हकीगत लिहून ठेवली आहे. पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित आणि फोर्ड हे एकमेकांचे स्नेही. लढाई अटळ दिसू लागली तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की जो जिंकेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचे. प्रत्यक्ष लढाईत मोर दीक्षित घोडदळ घेऊन चालून गेले ते नेमके फोर्डच्या पलटणीवर, आणि तिच्याच तोफांच्या माऱ्यात पडले. मराठी मुलखाचे राज्य गेले त्या दिवसाचा हा तुकडा आज महापालिकेच्या हद्दीतल्या गावाचा आहे. दापोडीतल्या शाळेच्या पोरांना तो कुणी सांगत नाही.

लढाईनंतर खडकीला इंग्रजांची छावणी कायमची बसली. दापोडीचे नशीब थोडे वेगळे निघाले. नदीकाठचा फोर्डचा बंगला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नजरेत भरला आणि १८२८ च्या सुमारास ते गव्हर्नरांचे पावसाळी मुक्कामाचे ठिकाण झाले. त्याच आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथे होते. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांनी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराला बसवून बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची चित्रे काढून घेतली. दीडशेहून जास्त चित्रे आहेत ती, आणि आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात जपलेली आहेत. २००२ साली हेन्री नोल्टी यांनी त्यांवर एक देखणा ग्रंथ काढला. ग्रंथाच्या नावातच दापोडी आहे, साहेबी उच्चारात ‘दापुरी’. एडिंबरोला दापोडी ठाऊक आहे आणि पिंपरीच्या मुख्यालयाला ती फक्त प्रभाग म्हणून माहीत, हे जरा खटकते.

या बागेत नुसती फुले नव्हती. औषधी वनस्पतींची लागवड व्हायची, त्यांच्यापासून औषधे काढली जायची आणि ती सरकारी औषधभांडारात रवाना व्हायची. विलायतेहून मागवायचा माल इथेच तयार करावा असा सरळ हिशेब. पुढे शंभर वर्षांनी रेल्वेच्या दोन स्टेशनांवर, पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलीनचा कारखाना निघाला, त्यामागेही हिशेब हाच होता. दोन्ही गोष्टींचा धागा जोडणारा एक फलकसुद्धा शहरात कुठे असू नये?

गव्हर्नरांचा मुक्काम १८६० च्या दशकात गणेशखिंडीत हलला (तीच आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत) आणि दापोडी पुन्हा साधे गाव झाली. पण शेजारी लष्कर वाढतच होते. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. मुंबई-पुणे रेल्वे त्याआधीच, १८५८ पासून, गावाच्या कडेने धावत होती. मुळा आणि पवना जिथे एकत्र येतात ते हे गाव. पाणी, रूळ आणि मुंबईचा रस्ता तिन्ही हाताशी. स्वातंत्र्यानंतर लष्कराला अभियंत्यांच्या शाळेसाठी जागा हवी होती तेव्हा नजर इथे वळली यात नवल नाही. १९४३ मध्ये रुरकीला निघालेली ती शाळा १९४८ साली दापोडीत आली. तेच आजचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग. गावच्या तोंडी नुसते सीएमई.

साडेतीन हजार एकरांच्या आसपास पसरलेला हा परिसर नकाशात पाहिला की महापालिकेची दक्षिण बाजू का अशी तुटक आहे ते कळते. महामार्गाच्या एका अंगाला कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी अशी दाटीवाटीची वस्ती. दुसऱ्या अंगाला भिंत, तारेचे कुंपण, ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी, आणि भिंतीआड गर्द झाडी. मेट्रोतून जाताना हे दोन्ही एका नजरेत दिसते. भिंतीबाहेर पत्र्याची दुकाने, टायरवाले, वडापावच्या गाड्या. भिंतीआत निवांत सावली. कबूल करायला हवे की ती झाडी महापालिकेने राखलेली नाही. ती जागा १९७० च्या दशकात शहराच्या हाती आली असती तर आज तिथे काय उभे असते, हे पिंपळे सौदागरच्या टॉवरांकडे पाहून सांगता येते.

लष्कराशेजारी राहण्याने या भागाला काय दिले, याचीही नोंद हवी. नोकऱ्या दिल्या, हे पहिले. खडकीचे कारखाने, देहूरोडची कोठारे, दापोडीच्या कर्मशाळा इथे कामाला आलेल्या माणसांच्या वस्त्यांतून निम्मा-अर्धा जुना पट्टा उभा राहिला. त्यात दलित कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावकीच्या कामातून सुटून पगारावर आलेली ही माणसे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवण्यासाठी देहूरोड निवडले, त्यामागे ही कामगार वस्ती उभी होती. पुढे त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे महाविहारही दापोडीत झाले. उद्योगनगरीच्या इतिहासात या वस्त्या बहुधा ‘झोपडपट्टी’ या एका शब्दाखाली निघून जातात.

लष्कराखेरीज इथे एसटीही आहे. राज्य परिवहनच्या मोजक्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक दापोडीत आहे. कंपनीतून निघालेली उघडी चॅसी महामार्गावरून येताना अनेकांनी पाहिली असेल: ना टप, ना दार, समोर काच नाही, डोक्या-तोंडाला फडके बांधून, गॉगल चढवून ड्रायव्हर वाऱ्यात बसलेला. आत तिच्यावर सांगाडा चढतो, पत्रे बसतात, रिबिटा ठोकल्या जातात, सीट लागतात, शेवटी तांबडा रंग. गडचिरोलीच्या किंवा दापोलीच्या माणसाने आयुष्यात दापोडी पाहिलेली नसते, पण दापोडीच्या हाताचे काम त्याच्या फाट्यावर रोज येऊन थांबलेले असते.

सीएमईच्या आवारातही असेच एक काम चालते, ज्याचा शहराला पत्ता नाही. लष्कराचे नौकानयन केंद्र तिथे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ हा विहिरी खोदणाऱ्या बापाचा पोरगा. दुष्काळी गावातून सैन्यात भरती झाला, पुण्यात वल्हे हातात धरले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आला. महापालिकेच्या हद्दीतल्या नदीकाठी हे घडते आणि त्याच नदीच्या काठाला उभे राहवत नाही अशी तिची अवस्था हद्दीतच झालेली आहे.

इथपर्यंतचे शेजारपण गोडीगुलाबीचे म्हणता येईल. पण या पत्राचे खरे कारण बोपखेल आहे.

एका बाजूला सीएमई, दुसऱ्या बाजूला मुळा, अशा बेचक्यात सापडलेले हे गाव महापालिकेतच येते. बोपखेलची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सीएमईतून जाणाऱ्या रस्त्याने दापोडीला यायची: लोकल पकडायला, शाळा-कॉलेजला, बाजाराला. मे २०१५ मध्ये, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, तो रस्ता बंद झाला. कायद्याने जागा लष्कराची, आणि सुरक्षेचे कारण. गावाला मात्र दिघी-भोसरीला वळसा घालून जाणे आले. मिनिटांची वाट मैलांची झाली. लोक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, धरपकड झाली, घराघरांत कोर्टाच्या तारखा आल्या. नंतर लष्कराने नदीवर तरंगता पूल टाकून दिला. पूल बांधणे हीच ज्यांची विद्या, त्यांनी तो भराभर टाकला यात आश्चर्य नाही. पण पाणी वाढायच्या आत तो काढावाही लागला. मग महापालिकेने खडकीच्या दिशेने कायमचा पूल हाती घेतला, तर पलीकडचा काठ पुन्हा संरक्षण खात्याचा. परवानगी, बदली जागा, मोबदला, दिल्लीशी पत्रव्यवहार यात वर्षांमागून वर्षे गेली.

यात लष्कराला खलनायक करणे सोपे आहे आणि चुकीचेही. सुरक्षेची जागा वाटसरूंना कायम मोकळी ठेवा असे कुणी सांगू शकत नाही. प्रश्न महापालिकेला आहे. जो रस्ता आपला नाही, ज्याचा कागद आपल्याकडे नाही, तो बंद होऊ शकतो हे १९८२ पासून कधीच कुणाच्या ध्यानात आले नाही का? गाव हद्दीत घेतले, घरपट्टी लावली, नळ दिले आणि रस्ता मात्र शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडला. पूल बांधायचा विचार दरवाजा बंद झाल्यावर सुचावा, याला दूरदृष्टी म्हणत नाहीत.

हाच प्रकार देहूरोडच्या बाजूला. दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा ‘रेड झोन’ आहे. निगडी, रुपीनगर, तळवड्यात त्याच्या आत हजारो घरे. प्लॉट विकणारा विकून गेला, बांधणारा बांधून बसला, निवडणुकीत आश्वासने झाली, आणि घराच्या कागदांसाठी माणूस अजून खेटे घालतो. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांवर असलेले शहर २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेले. इतक्या वेगाने वाढणाऱ्या गावाला आपल्या कुंपणापलीकडे कोण राहते याची पक्की माहिती असायला हवी होती. मेट्रोलाही खडकीच्या पट्ट्यात संरक्षण खात्याच्या जागेपायी अडून बसावे लागले. म्हणजे धडा बोपखेलपुरता नव्हता.

जगात छावणीमुळे वाढलेली शहरे कमी नाहीत. इंग्लंडमधले ऑल्डरशॉट १८५४ पूर्वी हजारभर वस्तीचेही गाव नव्हते. लष्कराचा तळ आला आणि ते शहर झाले. त्या गावाने ही ओळख मिरवली. जुन्या बराकीच्या इमारतीत संग्रहालय केले आणि लष्कराने सोडलेल्या जागांचे पुढे काय करायचे यावर चर्चा केली. आपल्याकडे उलट. देशभरातल्या कॅन्टोन्मेंटच्या नागरी वस्त्या शेजारच्या महापालिकांत घालण्याचे वारे गेली काही वर्षे वाहते आहे, खडकी आणि देहूरोडची नावेही त्यात आहेत, आणि इथे मात्र कोण कुठे जाणार, कर किती वाढणार, एवढ्यावरच गप्पा अडल्या आहेत.

म्हणून आपल्याकडे मागणे असे. महापालिका हद्दीतले जे रस्ते, पायवाटा, जलवाहिन्या आणि नाले संरक्षण खात्याच्या जागेतून जातात, त्या प्रत्येकाचा कागद शोधावा: जागा कुणाची, परवानगी कुणी दिली, कोणत्या साली, कधीपर्यंत. हे काम मोठ्या सल्लागार कंपनीचे नाही; नगररचना, स्थापत्य आणि पाणीपुरवठा विभागांच्या जुन्या फायली एका टेबलावर आल्या तरी निम्मे होईल. उरलेले संरक्षण संपदा कार्यालयाकडून मागता येईल. सीएमई, खडकी आणि देहूरोड यांच्याशी ठराविक मुदतीने बैठक व्हावी आणि तिचे इतिवृत्त प्रभाग कार्यालयात लोकांना वाचायला मिळावे. संवेदनशील बाबी वगळाव्यात, त्याला कुणाची हरकत असायचे कारण नाही. पण बोपखेलच्या माणसाला रस्ता बंद झाल्याचे बॅरिकेड पाहून कळू नये.

इतिहासाचे काम तुलनेने स्वस्त आहे. एडिंबरोशी पत्रव्यवहार करून दापोडीच्या चित्रांच्या प्रती मागवाव्यात. मेट्रो स्टेशनात, उर्दू-मराठी शाळांत, महापालिकेच्या उद्यानांत त्या लावता येतील. खडकीच्या लढाईचे, गिब्सनच्या बागेचे आणि एसटीच्या कार्यशाळेचे दोन-चार परिच्छेद शहराच्या अधिकृत माहितीत घालायला तर खर्चही नाही.

यांपैकी रस्त्यांच्या कागदांचे काम आधी व्हावे. जे दप्तरात आहेत ते खुले करावेत आणि जे सापडत नाहीत त्यांचीही यादी त्याच पानावर द्यावी.



आपला,
दापोडीचा एक करदाता