गप्प बसलेल्या मुलाच्या डोक्यात

मूल खिडकीबाहेर बघत बसले की घरातले कुणीतरी म्हणतेच, "रिकामा काय बसलास? पुस्तक घे." आम्ही शिक्षकही वर्गात वेगळे काही बोलत नाही. गप्प बसलेल्या मुलाचे डोके बंद असते, असा आपला समज. मेंदूच्या अभ्यासाने तो खोटा ठरवला आहे.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण शरीराची जवळजवळ 20 टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. माणूस गणित सोडवत असो की नुसता पडून असो, या खर्चात फारच थोडा फरक पडतो. मग निवांत असताना मेंदू करतो तरी काय?

1995 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला सांगितले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ऑक्सिजन असलेले रक्त जास्त जाते आणि यंत्र तो बदल टिपते. हात स्थिर होते, तरी हात हलवणारे डावे-उजवे भाग एकाच लयीत चालले होते. पुढे 2001 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्कस रायकल यांनी निवांतपणी जागे असणारे भाग दाखवून दिले. आठवणी, उद्याचे विचार, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज यांच्याशी या जाळ्याचा संबंध आहे.

मुलांमध्ये काय दिसते? 2008 च्या एका अभ्यासात 7 ते 9 वर्षांच्या मुलांमध्ये हे जाळे विरळ दिसले, तर विशी ओलांडलेल्यांमध्ये घट्ट विणलेले. पण मुले यंत्रात चुळबुळ करतात. 2012 मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, डोके मिलिमीटरभरही न हलता चित्र बिघडते आणि दूरच्या भागांचे नाते आहे त्याहून कमी दिसते. म्हणजे लहान-मोठ्यांमधला काही फरक निव्वळ चुळबुळीचा होता. आपलीच मोजमापे पुन्हा तपासण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

यातून पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, असे निष्कर्ष अनेक मुलांची सरासरी काढून मिळतात. एका मुलाचे चित्र पाहून तो हुशार की मंद, डॉक्टर होणार की इंजिनिअर, हे कुणालाही सांगता येत नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर कष्टाचा पैसा घालवू नका. त्यात मुलाची पुस्तके येतील. आजारपणात डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर मात्र टाळू नका. त्यात क्ष-किरण नसतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तंद्री लागलेले मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की भानावर येते. पण बोलता-बोलता किंवा जेवताना काही सेकंद एकदम थांबते, डोळे एकटक होतात, हाकेला व स्पर्शालाही ओ देत नाही आणि दिवसातून असे अनेकदा घडते, तर तो एक प्रकारचा अपस्माराचा झटका असू शकतो. त्याला आळशी म्हणून रागावू नका, बाहेरची बाधाही समजू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, यावर चांगली औषधे आहेत.

बाकीच्या मुलांना अधूनमधून खिडकीबाहेर बघू द्या.