जुन्या वाद्यांचें मोल

कोल्हापुरांतील ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीं गाण्याची आवड होती, तेथें माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या कोपऱ्यांत गवसणी घातलेला एखादा तंबोरा, नाहीं तर बाजाची पेटी, अद्यापि हटकून सांपडते. यांत नवल नाहीं. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं अल्लादियाखांसाहेबांस दरबारीं आश्रय दिला. पेटीस मैफलींत मान मिळवून देणारे गोविंदराव टेंबे याच परिसरांतले. गायन समाज देवल क्लबसारखी संस्था १८८३ पासून येथें नांदत आली. आणि तंबोऱ्या-सतारींचें माहेर जें मिरज, तें येथून अवघ्या पन्नासेक किलोमीटरांवर.

आतां वाड्यांच्या जागीं सदनिका उभ्या राहत आहेत, एका चुलीच्या तीन चुली होत आहेत, आणि तंबोऱ्याचें काम विजेच्या यंत्रानें व मोबाइलनें उचललें आहे. सामान हलवितांना पहिली अडचण होते ती या वाद्यांची. अशा वेळीं जुन्या वस्तूंचा व्यापारी येतो, भोपळ्यावर टिचकी मारतो आणि एक आकडा सांगतो. वडीलधारे म्हणतात, ‘नुसता धूळ खात पडला आहे, देऊन टाका.’ पुतण्या म्हणतो, ‘आजोबांचा तंबोरा आहे, लाखांत जाईल.’ वाद्याची परीक्षा दोघांनींही केलेली नसते. ती कशी करावी, याचा थोडा विचार येथें करूं.

जुन्या वाद्यास तीन प्रकारची किंमत असते, आणि त्या तिहींची सरमिसळ झाली कीं फसगत ठरलेली. पहिली आवाजाची किंमत: वाद्य आज वाजतें कसें, किंवा दुरुस्तीनंतर कसें वाजेल. दुसरी नांवाची: तें कोणा कारागिराच्या हातचें, किंवा कोणा गवयाच्या बैठकींतलें. तिसरी शोभेची: दिवाणखान्यांत किंवा हॉटेलांत तें दिसेल कसें. व्यापारी बहुधा तिसरी किंमत देतो, मालक दुसरी मागतो, आणि पहिलीकडे कोणाचेंच लक्ष नसतें. वास्तविक बहुतेक घरगुती वाद्यांच्या बाबतींत तीच एक खरी असते.

नांवाच्या किंमतीस पुरावा लागतो. ‘अमक्या बुवांनीं हा तंबोरा छेडला होता’, ही घरांतील आख्यायिका कितीही खरी असली, तरी परक्याच्या लेखीं तिची किंमत शून्य. छायाचित्र, पत्र, खरेदीची पावती किंवा वाद्यावरील कारागिराची चिठ्ठी असेल, तरच कांहीं बोलतां येईल. यासाठीं अशी चिठ्ठी मळकट दिसते म्हणून पुसून काढूं नये.

परदेशांत जुन्या वाद्यांचा बाजार मोठा आहे. तेथील रीत मात्र आपणांस जशीच्या तशी लागू पडत नाहीं. अमेरिकेंत लिओ फेंडर यांच्या कारखान्यानें १९५१ सालीं विजेवर वाजणारी खर्जाची गितार, जिला बेस गितार म्हणतात, ती बाजारांत आणली. पुढें १९६५ सालीं तो कारखाना सी. बी. एस. या बड्या कंपनीनें विकत घेतला. त्या विक्रीपूर्वींच्या गितारींना शौकीन आजही अधिक दाम मोजतात. ते प्रत्येक स्क्रू, तार आणि रंगाचा थर मूळचा आहे कीं नाहीं हें तपासतात. नवा रंग दिलेला आढळला, तर किंमत एकदम उतरते. त्या वाद्याचे भाग स्क्रूनें जोडलेले असतात, एकाची मान दुसऱ्यास सहज बसते. तेव्हां मूळपणाची एवढी छाननी तेथें योग्यच आहे.

तंबोऱ्याचें तसें नाहीं. त्याची घोडी तारांनीं झिजते, जवारी पुनःपुन्हां काढावी लागते, खुंट्या बदलाव्या लागतात. ज्या तंबोऱ्यास कधींच दुरुस्ती झाली नाहीं, तो बहुधा फारसा वाजलाच नाहीं असें समजावें. जाणत्या हातची दुरुस्ती हा तंबोऱ्याचा दोष नव्हे. अडाणी हातची मात्र खास दोष आहे. फर्निचरचें जाड पॉलिश तबलीवर चोपडलें, तर वाद्य चकचकीत दिसतें आणि आवाज मरतो.

तंबोरा घेतांना किंवा विकतांना एवढें तरी पाहावें. दांडी डोळ्यासमोर धरून ती वांकली आहे कीं काय तें बघावें. भोपळ्यास भेग किंवा किडीचीं भोंकें आहेत काय, हालवितांना भुकटी पडते काय, हें पाहावें. तबलीवर बोटानें ठोकून जावें. कोठें खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर तेथें सांधा सुटला आहे. मग तारा त्याच्या पट्टींत मिळवून अर्धा तास तसाच ठेवावा; स्वर टिकले, तर खुंट्या ठीक आहेत. पट्टीचा विचार तर अवश्य करावा. काळी एकला बोलणारा मोठा तंबोरा काळी चारच्या बायकी गळ्यास उपयोगी नाहीं, मग तो कितीही सुरेख असो. जवारी बसली असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. मोडलेली दांडी आणि किडलेला भोपळा हीं खर्चाचीं दुखणीं.

पेटीची परीक्षा निराळी. भाता भरून एकही पट्टी न दाबतां स्वस्थ राहावें. वारा लगेच निघून गेला, तर चामडें गेलें आहे किंवा पेटी फुटली आहे. नंतर प्रत्येक पट्टी सावकाश दाबावी. बाहेरची नांवाची पाटी सहज बदलतां येते, म्हणून पेटी उघडवून आंतील सूर पाहावे. जुन्या पॅरिसच्या किंवा जर्मनीच्या सुरांस जाणकार आजही मान देतात. परंतु सूर मिळवितांना पितळेची पट्टी खरवडावी लागते. टोंकाशीं खरवडली कीं स्वर चढतो, मुळाशीं खरवडली कीं उतरतो. वर्षानुवर्षें असें खरवडून पातळ झालेले सूर नांवानें पॅरिसचे असले, तरी कामाचे राहत नाहींत.

बाजारभावावर विसंबणेंही बरें नव्हे. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. पण त्या तीस वर्षांत घरोघरच्या चांगल्या पेट्या कांहीं वाईट झाल्या नव्हत्या.

मग आकडा काढावा कसा? रीत सोपी आहे. त्याच जातीचें व त्याच मापाचें नवें वाद्य मिरजेस आज काय पडतें, हें विचारावें. त्यांतून जुनें वाजतें करण्याचा खर्च वजा करावा. उरेल ती आवाजाची किंमत. हा अंदाज शक्य तों अशा माणसाकडून घ्यावा, ज्याला तें वाद्य विकत घ्यावयाचें नाहीं. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत मिरजेस सतारी घडविण्यास आरंभ केला. ती परंपरा अजून चालू आहे, आणि २०२४ सालीं तेथील सतार व तंबोरा या दोहोंस भौगोलिक मानांकनही मिळालें. एवढे जाणते हात जवळ असतां, केवळ व्यापाऱ्याच्या शब्दावर वाद्य देणें अव्यवहार्य होय.

कायद्याची एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. जुन्या उंची वाद्यांवर कित्येकदां हस्तिदंताचें काम असतें. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यांतील १९८६ च्या दुरुस्तीनें भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें आफ्रिकेंतील हस्तिदंताचाही. वाद्य जुनें आहे, वडिलार्जित आहे, ही सबब चालत नाहीं. दंताचा किंवा सांबरशिंगाचा संशय आला, तर विक्रीची बोलणी करण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी.

शेवटची गोष्ट वांटणीची. शेत वांटतां येतें, भांडीं वांटतां येतात. तंबोरा वांटतां येत नाहीं. तीन भावांत विकून पैसे वांटून घेणें न्यायाचें दिसतें खरें; पण वाद्य गेलें तें गेलेंच, आणि वांट्यास आलेली रक्कम महिन्याभरांत किराण्यांत जिरते. त्यापेक्षां वरील रीतीनें आकडा काढून तो सर्वांसमोर लिहून ठेवावा. घरांत जो गातो किंवा जिला शिकण्याची इच्छा आहे, त्या पुतण्यानें वा सुनेनें वाद्य घ्यावें आणि इतरांच्या वांट्याची भरपाई दुसऱ्या एखाद्या वस्तूनें करावी. पुढें विकण्याचा प्रसंग आलाच, तर प्रथम घरांत विचारावें, हेंही त्याच कागदावर नमूद करावें. कोणालाच नको असेल, तर एखाद्या गायनवर्गास विचारून पाहावें. मात्र दुरुस्त करून मगच द्यावें. मोडकें वाद्य दान देणें म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारांत टाकणें.

हें सर्व करूनही विकणेंच प्राप्त झालें, तर त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र तें वाजविणाऱ्याच्या हातीं जाईल असें पाहावें. मग चार पैसे कमी आले तरी चालतील.